दोर धरणाऱ्याचे पाय काठावर हवेत

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. भांडीकुंडी, सरपण, दोन-चार शेळ्या आणि माणसं यांनी भरलेल्या ट्रॉल्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला पुढचे पाच-सहा महिने त्यांचं घर म्हणजे फडाजवळची कोपी. शाळकरी लेकरं कधी बरोबर जातात, कधी आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात.

मी शिक्षक म्हणून नवा होतो तेव्हाची गोष्ट. चौथीतला एक मुलगा आई-बाप ऊसतोडीला गेल्यापासून बाकावर डोकं टेकून बसायचा. काही खाईना, कुणाशी बोलेना. मी त्याला जवळ घेतलं आणि मला सुचलं ते सगळं सांगितलं : ‘‘अरे, येतील लवकर. तू शहाणा आहेस ना? रडायचं नाही.’’ तो रडायचा थांबला. मला वाटलं, आपलं काम झालं. प्रत्यक्षात त्याने फक्त माझ्यासमोर रडणं बंद केलं होतं.

दोन दिवसांनी शेजारच्या अंगणवाडीतल्या ताई त्याच्या बाजूला जमिनीवर बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, ‘‘तुझी माय निघाली तवा तू काय करत व्हतास रे?’’

‘‘झोपलो व्हतो. मला उठवलंच न्हाई.’’

ताई एवढंच म्हणाल्या, ‘‘उठवायला पायजे व्हतं.’’

पोरगं मोकळं होऊन रडलं आणि त्या दुपारी पोटभर जेवलं. आई गेली याचं दुःख त्याला होतंच, पण ते तो दर वर्षी सोसत आला होता. या वेळी त्याला लागलं होतं ते वेगळंच : पहाटे ट्रॉली आली आणि आपल्याला न सांगता सगळे निघून गेले. माझ्या मनात दया होती, पण त्याचं दुःख काय आहे हे मी विचारलंच नव्हतं. ताईंनी विचारलं. त्या दिवसापासून समानुभूती हा शब्द माझ्यासाठी पुस्तकातला राहिला नाही.

दया, सहानुभूती, समानुभूती, करुणा

हे चारही शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. त्यांतला फरक कळला तर वागण्यातही फरक पडतो.

दया वरून खाली पाहते. ‘बिचारी’ म्हटलं की बोलणारा एका पायरीवर आणि ती बाई दुसऱ्या पायरीवर जाते. सहानुभूतीत आपल्याला वाईट वाटतं. त्यात आपुलकी असते, पण ते वाटणं आपलं असतं. समानुभूतीत आपण थोडा वेळ समोरच्याच्या जागी उभं राहून पाहतो : याला हे प्रकरण कसं दिसतंय, यातलं नेमकं काय टोचतंय? आणि करुणा म्हणजे ते जाणून घेतल्यावर त्याचं भलं व्हावं म्हणून काहीतरी करण्याची ओढ.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशनात समानुभूतीला मध्यवर्ती स्थान दिलं. त्यांनी तिला एक अट घातली होती. समोरच्याचं जग जणू आपलंच आहे असं अनुभवायचं, पण त्यातला ‘जणू’ सुटू द्यायचा नाही. तो सुटला की दोघंही एकाच दुःखात बुडतात. या लेखातली निम्मी काळजी त्या ‘जणू’ची आहे.

आणखी एक भेद आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. समानुभूतीला दोन अंगं असतात : कळणं आणि कळवळणं. दोन्ही एकत्र असतीलच असं नाही. सावकाराला समोरच्याची नड अचूक कळते. पोरीचं लग्न कोणत्या महिन्यात आहे, कोणाची बैलजोडी मेली, कोणाच्या घरी दवाखाना लागलाय, हे त्याला भावकीच्या आधी माहीत असतं. त्याच दिवशी तो पैसे घेऊन दारात उभा राहतो. दुसऱ्याचं मन वाचता येणं हे कौशल्य आहे. ते धीर द्यायला वापरता येतं, तसंच अडवून धरायलाही वापरता येतं. म्हणून कुणी ‘मला तुमची अडचण समजते’ म्हणालं, तर पुढे तो काय करतो ते पाहावं.

फायदा कुठे होतो

पहिला फायदा असा, की खरी माहिती बाहेर येते. याचं सर्वांत बोलकं आणि सर्वांत वेदनादायी उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे.

ऊसतोड कामगार महिलांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं आढळलं. गावात याला ‘पिशवी काढली’ म्हणतात, दात काढला म्हणावं इतक्या सहज.

हा आकडा तयार कसा झाला ते बघा. फडात आडोसा नाही, स्वच्छ पाणी नाही. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढावंच लागतं. एक दिवस घरी थांबलं की खाडा, आणि खाड्याचा दंड. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं घेऊन बाई दवाखान्यात गेली, की काही ठिकाणी तिला कॅन्सरची भीती घातली गेली. आणि ‘एकदाची कटकट संपेल’ हे तिलाही पटत गेलं, कारण तिला पुढच्या हंगामात कोयता धरायचाच होता.

या साखळीत ‘बाई, पाळीच्या दिवसांत फडावर तुम्ही काय करता? कापड कुठे धुता? पाणी कुठून आणता?’ असं कुणीतरी स्टुलावर बसून विचारलं असतं, तर अनेकींच्या बाबतीत उत्तर औषधाचं, विश्रांतीचं आणि स्वच्छ पाण्याचं निघालं असतं. संसर्गावर औषध असतं. ते देण्यासाठी आधी बाईचा दिवस कसा जातो हे ठाऊक असावं लागतं.

डॉक्टरच्या समजून घेण्याने रुग्णाच्या शरीरात फरक पडतो का, हेही तपासलं गेलं आहे. फिलाडेल्फियातल्या थॉमस जेफरसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ८९१ मधुमेही रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. समानुभूतीच्या मोजणीत ज्या डॉक्टरांचे गुण जास्त होते, त्यांच्या रुग्णांची रक्तातली साखर अधिक चांगली आटोक्यात होती. ऐकून घेतलेला माणूस खरं सांगतो, आणि सांगितलेलं पाळतोही.

दुसरा फायदा घरातला. ज्या मुलाच्या भीतीला कुणीतरी नाव दिलं, ते मूल पुढे स्वतःच्या भीतीला नाव देऊ शकतं. ‘तुला राग आलाय कारण दादाने न विचारता सायकल नेली’ हे वाक्य ऐकत वाढलेलं पोर हात उगारण्याआधी बोलायला शिकतं. तिसरा फायदा समजून घेणाऱ्याचा स्वतःचा. नाती पक्की होतात, भांडण विकोपाला जाण्याआधी मिटतं आणि आपल्या दुःखात आपल्याही ओसरीवर कुणीतरी येऊन बसतं. दुखवट्याच्या घरी पिठलं-भाकरी घेऊन जाणारी आपली रीत हेच शिकवते. त्या घरात चूल पेटलेली नाही, हे ओळखायला कुणाला भाषण लागत नाही.

धोका कुठे आहे

दुष्काळाच्या वर्षांत आमच्याकडे टँकर येऊन गावच्या विहिरीत पाणी ओततो. ते तळाशी राहतं आणि कुणालातरी खाली उतरून घागरी भराव्या लागतात. वर एकजण दोर धरून असतो. खालच्याचा पाय घसरला तर सगळी भिस्त त्याच्यावर. खालच्याची दमछाक पाहून कळवळून त्यानेही आत उडी मारली तर? मग दोघं विहिरीत आणि दोर मोकळा. समानुभूतीचा पहिला धोका हाच आहे.

आशाताई, परिचारिका, शिक्षक, समुपदेशक, आजारी माणसाची रात्रंदिवस सेवा करणारी सून, असे लोक रोज दुसऱ्याचं दुःख अंगावर घेतात. काही काळाने झोप उडते, चिडचिड वाढते, आणि एक दिवस समोर कुणी रडत असलं तरी आत काहीच हलत नाही. ‘मी दगड झाले की काय’ अशी शंका येते. ती बाई दगड झालेली नसते. ती थकलेली असते.

यातून वाट आहे. जर्मनीतल्या लाइपझिग इथल्या माक्स प्लांक संस्थेत तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी २०१३-१४ च्या सुमारास याचा अभ्यास मांडला. लोकांना आधी दुसऱ्याचं दुःख स्वतः अनुभवण्याचा सराव दिला, तेव्हा त्यांची अस्वस्थता वाढली. नंतर त्याच दुःखितांबद्दल शुभेच्छा आणि माया मनात आणण्याचा सराव दिला, तेव्हा अस्वस्थता उतरली आणि मन पुन्हा उभारी धरू लागलं. मेंदूतल्या हालचालीही दोन्ही वेळी वेगवेगळ्या दिसल्या. म्हणजे ‘मला तुझ्याइतकंच दुखतंय’ यापेक्षा ‘तुझं बरं व्हावं असं मला मनापासून वाटतंय’ ही जागा टिकाऊ आहे. काठावर पाय रोवून उभं राहण्याची जागा तीच.

दुसरा धोका म्हणजे समानुभूती आपल्या माणसाकडे आधी धावते. पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञाने २०१६ च्या आपल्या पुस्तकात ती बॅटरीच्या झोतासारखी असते असं दाखवलं. झोत जिथे पडेल तिथेच उजेड, बाकी सगळा अंधार. एका मुलाचा रडका फोटो पाहून खिसे मोकळे होतात, आणि हजारो मुलांच्या शाळागळतीचा आकडा वाचून आपण पान उलटतो.

हा धोका बीडकरांनी फार जवळून पाहिला आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर अमक्या जातीच्या दुकानात पाय ठेवायचा नाही, अशी भाषा जिल्ह्यात उघडपणे ऐकू आली. ती बोलणारे सगळे निर्दय होते का? नाही. त्यांपैकी अनेकांना आपल्या जातीच्या पोरांची बेकारी आणि आपल्या लोकांचा अपमान मनापासून सलत होता. आपल्यांबद्दलची तीच वेदना भडकावून समोरच्याबद्दल द्वेष तयार करता येतो. म्हणून आपलं काळीज एका बाजूला जोरात हलतंय असं वाटलं, की थांबून एक प्रश्न विचारायचा : हेच दुसऱ्या वस्तीतल्या पोराच्या बाबतीत घडलं असतं, तर मला एवढंच वाटलं असतं का? उत्तर ‘नाही’ आलं तर तिथे भावनेवर न जाता न्यायावर जायचं. समानुभूतीने ऐकावं, पण निवाडा तिच्या एकटीवर सोपवू नये.

तिसरा धोका : ‘मला कळलं’ हा भ्रम. आपण दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवतो आणि मला काय वाटलं असतं त्यावरून त्याला काय वाटतंय हे ठरवून टाकतो. त्या मुलाच्या बाबतीत मी तेच केलं होतं. शेतकऱ्याने आत्महत्या केलेल्या घरातल्या बाईला सगळे रडायला लावतात. तिच्या डोक्यात मात्र सातबाऱ्यावर नाव लागेल का, दीर जमीन देईल का, हे चालू असतं. ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ ही म्हण आपल्याला नम्र करायला आहे. वंशाला जाता येत नाही, म्हणून विचारावं लागतं.

चौथा धोका तमाशाचा. २०१९ नंतर कॅमेरे घेऊन कितीतरी माणसं पिशवी काढलेल्या त्या बायकांच्या दारात आली. ज्या गोष्टी नवऱ्यालाही मोकळेपणाने सांगता येत नाहीत, त्या अनोळखी माणसासमोर पुन्हा पुन्हा सांगायच्या आणि पाहुणे गेल्यावर पदरात काही नाही. दुःख ऐकणाऱ्याने स्वतःला विचारावं : हे मी कुणासाठी ऐकतोय? ऐकल्यावर माझ्या हातून काय होणार आहे? फोटो काढण्याआधी, नाव लिहिण्याआधी परवानगी घ्यावी, आणि नकार आला तर गप्प उठावं.

कसं वागावं

बसायची जागा बदला. खुर्ची सोडून त्यांच्या पातळीला बसा. ओसरीवर बसले असतील तर ओसरीवर, जमिनीवर असतील तर जमिनीवर. पहिली पाच मिनिटं काही सुचवू नका.

‘काय झालं?’ च्या पुढे जा. ‘त्या वेळी तुम्ही कुठे होता?’, ‘यातलं जास्त काय लागलं?’ असे साधे, ठोस प्रश्न माणसाला बोलतं करतात. ‘का केलंस?’ हा प्रश्न जाब विचारल्यासारखा लागतो; तो टाळा.

कळलं ते परत बोलून दाखवा. ‘म्हणजे पैसे बुडाल्यापेक्षा भावाने शब्द फिरवला ते लागलं, असंच ना?’ चुकत असाल तर समोरचा दुरुस्त करील. ती दुरुस्ती म्हणजेच समजून घेणं पुढे सरकणं.

ही वाक्यं गिळा : ‘तुझ्यापेक्षा वाईट लोकांचं झालंय’, ‘देवाची इच्छा’, ‘मन घट्ट कर’, ‘मी तुला आधीच सांगितलं होतं’. ती बोलणाऱ्याची घालमेल कमी करतात, ऐकणाऱ्याची वाढवतात.

मदत विचारून करा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं की कुणी सांगत नाही. ‘मंगळवारी मी तहसीलला चाललोय, तुमचा अर्ज नेऊ का?’ असं विचारा. आणि जे झेपणार नाही ते कबूल करू नका. खोटा शब्द साध्या नकारापेक्षा जास्त जखम करतो.

आपली मर्यादा ठरवा. रोज दुःख ऐकणाऱ्यांनी दिवसातला एक तास कुणाचंही काही ऐकायचं नाही. घरी शिरण्याआधी हातपाय धुताना मनाशी म्हणावं : आज माझ्याकडून झालं ते झालं, उद्या पुन्हा. आठवड्यातून एकदा आपल्यासारखंच काम करणाऱ्या कुणाशीतरी, समोरच्यांची नावं न घेता, मन मोकळं करावं. झोप, जेवण सुटत असेल तर रजा घ्या. त्यात कमीपणा नाही. कुणी तुमच्या कळवळ्याचा फायदा घेत असेल, दर वेळी रडून पैसेच मागत असेल, तर माया ठेवून ‘नाही’ म्हणता येतं.

जिवाचा प्रश्न असेल तर सरळ विचारा. कर्ज, नापिकी, घरातली भांडणं यांनी खचलेला माणूस गप्प झाला, निरवानिरवीचं बोलू लागला, वस्तू वाटू लागला, तर ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ हे स्पष्ट शब्दांत विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट ओझं हलकं होतं. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा. हे गुपित ठेवायचं वचन देऊ नका. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. दिवसरात्र, मोफत, मराठीतून बोलता येतं. धोका समोरच असेल तर ११२ लावा आणि दवाखाना गाठा. इथे तुमचं काम दोर धरण्याचं आहे. वर ओढायला आणखी हात लागतात.

कळवळ्याची व्यवस्था करा

आपल्या जिल्ह्यात ज्यांचं काम टिकलं, त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये मानवलोक उभी केली. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी इथे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी २००० मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शांतिवन सुरू केलं. बीडजवळ पाली इथे दत्ता आणि संध्या बारगजे यांनी एचआयव्हीबाधित मुलांना घर दिलं. अशा ठिकाणी सकाळी किती वाजता औषध द्यायचं, कुणाला कोणती वही हवी, सुट्टीत कोण कुठे जाणार, याचा रोज हिशेब ठेवावा लागतो. भावना आज आहे, उद्या ओसरते. वेळापत्रकात उतरलेली माया टिकते, आणि ती एका माणसाच्या काळजावर अवलंबून राहत नाही.

हे मोठ्या संस्थेतच जमतं असंही नाही. त्या मुलाच्या प्रसंगानंतर पुढच्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, आम्ही शाळेत पालकांची बैठक घेतली. अभ्यासाचं, रेशनचं बोलून झाल्यावर ताई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘‘ट्रॉली कितीबी वाजता येऊ द्या. लेकरांना उठवून, सांगून जा. आन् दर रविवारी सांजच्याला फोन करा. लेकरू वाट बघतंय.’’ मग आम्ही फळ्यावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे फोनची वेळ लिहिली आणि रविवारी शाळेचा व्हरांडा उघडा ठेवायची जबाबदारी आळीपाळीने वाटून घेतली.

त्या वर्षी पोरं रडली नाहीत असं नाही. ट्रॉली वळेपर्यंत वेशीवर उभं राहून, हात हलवत रडली. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आली.